कुत्र्याचं चावणं पुन्हा पुन्हा परत येतंय? मदत कुणाची आणि कोणत्या क्रमाने घ्यायची

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आहे, आता सहा वर्षांचा. चौथं वर्ष सरेपर्यंत त्याने कुणावर साधे दातही विचकले नव्हते. त्यानंतर वर्षभरात तो घरातल्या दोघांना चावला आणि तिसरीवर दोनदा धावून गेला. दर वेळी आम्ही काही ना काही उपाय केला आणि दर वेळी तो लागू पडला असं वाटलं. दोन-तीन आठवडे शांततेत जायचे, मग पुन्हा तेच. याच फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहिते आहे. पिल्लू खेळता खेळता दात लावतं तो विषय वेगळा. इथे मोठ्या, घरच्या कुत्र्याबद्दल बोलते आहे, जो गुरगुरतो, अंगावर येतो, चावतो, आणि काही केल्या ते कायमचं थांबत नाही.

आमचं काय चुकलं ते आधीच सांगते. गुरगुरणं बंद करून देणारी माणसं आम्ही शोधत राहिलो. तो का गुरगुरतोय हे शोधणाऱ्याकडे आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो, आणि त्या उशिराची किंमत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मोजली.

चावा आजच झाला असेल तर

बाकीचं नंतर वाचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. "आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे" म्हणून घरी बसू नका, इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कुत्र्याला १० दिवस नजरेखाली ठेवा.

आणि लस न दिलेला कुत्रा एकाएकी बदलला असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, चालताना झोकांड्या जात असतील, तर त्याच्या जवळ जाऊ नका. त्याला एका जागी बंद करून लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. ही पोस्ट त्या कुत्र्यासाठी नाही.

आमच्याकडे काय घडत गेलं

बंड्या पहिल्यांदा गुरगुरला तो डिसेंबरात, सासूबाईंवर. साताऱ्यातली थंडी, तो दिवाणावर झोपलेला. त्यांनी "ऊठ रे" म्हणत त्याच्या कमरेवर हात ठेवला. तो मान वळवून गुरगुरला. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: फार लाडावलाय, डोक्यावर बसवलाय. महिन्याभराने नवऱ्याने त्याला दिवाणावरून ढकलून उतरवला, तेव्हा हाताला दात लागले. रक्त आलं नाही, वळ उठले.

मग ट्रेनर आला. ओळखीतून आलेला, बऱ्याच जणांचे जर्मन शेफर्ड तयार केलेला. त्याने बंड्याच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली. गुरगुरला की झटका. दोनदा त्याने त्याला कुशीवर पाडून, मानेवर हात दाबून, तो ढिला पडेपर्यंत धरून ठेवला. "आता त्याला कळलं घरात मालक कोण," असं तो म्हणाला. चार फेऱ्यांत गुरगुरणं बंद झालं. आम्ही मनापासून आभार मानले.

तिसऱ्या आठवड्यात धाकटा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि चटईवर पडलेल्या बंड्याच्या गळ्यात हात टाकून त्याला बिलगला. गुरगुर नाही, भुंकणं नाही, काही नाही. सरळ चावा. कोपराखाली दोन भोकं.

त्या क्षणी मी तिथेच उभी होते. आज आठवताना कळतं की बंड्याने सांगितलं होतं. धाकटा जवळ आला तशी त्याने मान दुसरीकडे फिरवली, जिभेने नाक चाटलं, आणि मग एक-दोन सेकंद तो दगडासारखा घट्ट झाला. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. हे सगळं मी पाहिलं होतं, पण मला ते वाचता येत नव्हतं. मला वाचता येणारी एकच खूण होती, गुरगुर. ती आम्ही पैसे देऊन काढून टाकली होती.

कुत्रा गुरगुरतो म्हणजे "मला हे नकोय, थांब" असं सांगतो. त्याबद्दल मार बसला तर तो सांगणं सोडतो. नकोसं वाटणं मात्र तसंच राहतं, उलट वाढतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी छापली होती. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी विचारलं होतं, तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्रा काय करतो? मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के आणि उलथं पाडून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी सांगितलं की त्यावर कुत्रा उलट अंगावर आला. "कळपाचा म्होरक्या व्हा" ही शिकवण आली मुळात पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून, १९४७ सालच्या. पुढे मोकळ्या रानातल्या लांडग्यांवर आयुष्य घालवलेल्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे म्होरकेपणासाठी अशी मारामारी चालत नाही. आपल्याकडे मात्र गल्लोगल्ली अजून तेच शिकवलं जातं.

पहिला मुक्काम: जनावरांचे डॉक्टर

"आम्ही तर डॉक्टरांकडे जातोच," असं आम्हीही म्हणायचो. जात होतो ते लसीला. टेबलावर पाच मिनिटं, ताप बघितला, "तब्येत छान आहे". दवाखान्यात कुत्रा घाबरलेला किंवा हुरळलेला असतो, त्या भरात दुखणं लपून जातं. म्हणून तयारी करून जायचं.

माझी तयारी म्हणजे दोनशे पानी वही. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तो कुठे होता, कोण जवळ आलं, अंगाला कुठे हात लागला, त्याआधी तासाभरात काय झालं होतं. एक नोंद अशी: "मंगळवार, संध्या. ७.४०. जिन्याखाली आडवा. आई ओलांडून गेल्या, साडीचा पदर मागच्या पायाला लागला. ओठ वर. फिरून येऊन अर्धा तास झालेला." अशा चौदा नोंदी झाल्यावर मी एका रात्री त्या ओळीने वाचल्या आणि अंगावर काटा आला. चौदापैकी अकरा संध्याकाळच्या होत्या, फिरून आल्यानंतरच्या. त्यातल्या नऊ वेळा कुणाचा तरी हात, पाय किंवा पदर त्याच्या मागच्या भागाला लागला होता. यात मालकीहक्क कुठेच नव्हता.

सोबत मोबाइलवर व्हिडिओ काढले: झोपेतून उठताना, जिना चढताना, पळताना, मागून आणि बाजूने. पळताना तो मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत होता. आम्हाला ते गोड वाटायचं. डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढायचं ठरवलं. दोन्ही खुब्यांचे सांधे बिघडलेले निघाले, उजवा जास्त. लॅब्रॅडॉरमध्ये हे सर्रास आढळतं. शिवाय डाव्या कानात जुना संसर्ग होता, आतून आंबूस वास येत होता. धाकट्याने गळ्यात हात टाकला तो त्याच बाजूने.

तुमच्या कुत्र्याचं कारण वेगळं असेल. पण डॉक्टरांकडून या गोष्टी नावं घेऊन तपासून घ्या: कान, दात आणि हिरड्या, डोळे (अंधूक दिसणारा कुत्रा दचकून चावतो), खुबा-गुडघा-पाठीचा कणा, थायरॉइड. पावसाळ्यात आणि नंतर गोचीड तापासाठी रक्त. कधी डोळे थिजून भान हरपल्यासारखा होतो का, तेही सांगा, फिट्सचा प्रकार असू शकतो. नऊ-दहा वर्षांपुढच्या कुत्र्यात म्हातारपणाचा विसरभोळेपणाही येतो. तपासणीत काही सापडलं नाही पण वहीतून दुखण्याचा संशय येत असेल, तर काही आठवडे वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते पाहतात. तसं करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. स्वतःच्या मनाने मात्र घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

जवळ चांगली यंत्रणा नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळला, आपल्याकडे शिरवळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर, अकोला. आधी चौकशी करून जा, आणि चावणारा कुत्रा आहे हे फोनवरच सांगा.

नसबंदीबद्दल दोन शब्द, कारण हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. नसबंदीचे फायदे आहेत, पण भीतीने किंवा दुखण्याने चावणारा कुत्रा तिने शांत होत नाही. "एकदा मेटिंग करा, गप्प होईल" यात तर काहीच तथ्य नाही.

दुसरा मुक्काम: वागणुकीचा जाणकार

दुखण्यावर उपचार सुरू झाले आणि बंड्या महिन्याभरात मोकळा चालायला लागला. चावण्याचा प्रश्न तरी पूर्ण सुटला नाही. वर्षभर त्याच्या मनात एकच गणित पक्कं होत गेलं होतं: माणसाचा हात जवळ आला की दुखतं. दुखणं कमी झालं तरी गणित राहतं. ते पुसायला जाणकार माणूस लागतो.

बसायला, उठायला, पट्ट्याने चालायला शिकवणारा तो ट्रेनर. भीती आणि चावणं यावर काम करणारा तो बिहेवियरिस्ट म्हणवला जातो. पण आपल्याकडे या दोन्ही पाट्या कुणीही लावू शकतो. जनावरांच्या डॉक्टरांची नोंदणी पशुवैद्यक परिषदेकडे असते, ट्रेनरसाठी तसा परवानाच नाही. म्हणून प्रश्न विचारूनच पारखावं लागतं. माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: "तो गुरगुरला तर तुम्ही काय करता?" चांगला माणूस म्हणतो, लांब होतो, आणि कशामुळे गुरगुरला ते बघतो. "गुरगुरण्याची हिंमतच करणार नाही" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. दुसरा प्रश्न: "डॉक्टरांना दाखवलंय का, हे तुम्ही विचारणार आहात का?" जो आपणहून रिपोर्ट मागतो तो भरवशाचा. तिसरा: "किती दिवसांत बरा होईल?" इथे हमी देणारा माणूस नको. महिनाभर कुत्रा आपल्याकडे ठेवून "सुधारून" परत देणाराही नको, कारण तिथे काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि बंड्याला भीती वाटत होती ती आमच्या दिवाणाजवळ, आमच्या हातांची. आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा, यातलं काही पिशवीतून बाहेर आलं तर तिथेच थांबवा. तुमचा कुत्रा आहे, थांबवायचा हक्क तुमचा आहे. मी तेव्हा थांबवलं नाही.

आम्हाला मिळालेल्या बाई पुण्याच्या. पहिल्या भेटीत त्यांनी बंड्याला हातसुद्धा लावला नाही. दीड तास आमच्याशी बोलल्या, वही वाचली, घराचा नकाशा काढून घेतला. मग पहिली गोष्ट सांगितली ती शिकवण्याची नव्हतीच: पुढचा महिनाभर त्याला चावायची वेळच येऊ द्यायची नाही. त्याची गादी जिन्याखालून उचलून मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गेली, जिथे कुणी ओलांडून जात नाही. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक. धाकटा आणि बंड्या एका खोलीत, तर मोठं माणूस मध्ये असलंच पाहिजे. झोपलेल्याला हाक मारून उठवायचं, हाताने नाही. प्रत्येक चावा पुढचा चावा सोपा करतो, म्हणून हे आधी.

मग हाताचं गणित. उकडलेलं चिकन, नखाएवढे तुकडे. मी त्याच्यापासून चार हात लांब उभी, हात दोन इंच पुढे, लगेच चिकन. हात मागे, चिकन बंद. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, बस. तो हात पाहून माझ्या चेहऱ्याकडे "आता दे" असं बघायला लागला की मगच थोडं जवळ. कमरेला बोट टेकायला आम्हाला सात आठवडे लागले. मध्ये नवऱ्याने घाई केली, एका दिवसात दोन पायऱ्या उडी मारली, आणि आम्ही आठ दिवस मागे गेलो. हात लावून द्यायचा की नाही हे आता बंड्या ठरवतो: तीन सेकंद खाजवायचं, हात काढायचा, तो पुढे सरकला तर पुन्हा. मान वळवली तर नाही. हे धाकटा घरात सगळ्यात नीट पाळतो.

तोंडाला जाळी

मझल म्हटलं की घरच्यांना वाईट वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ती शिक्षा म्हणून वापरायची नाही, आणि शिकवल्याशिवाय घालायची नाही. जाळीची घ्या, टोपलीसारखी, जिच्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड बांधून टाकणारी कापडी पट्टी आपल्या उन्हात फिरायला घातली तर कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. आम्ही सुरुवात कागदी कपाने केली. आत दही माखलं, त्याने आपणहून तोंड घातलं, चाटलं. चार दिवसांनी जाळीत दही. मग पट्टा मानेमागे नुसता टेकवायचा, मग क्षणभर लावायचा. दोन आठवड्यांनी जाळी दिसली की शेपूट हलायला लागली. डॉक्टरांकडे जाताना आणि पाहुणे आल्यावर हिचा मोठाच आधार होतो.

गोळ्यांबद्दल

काही कुत्र्यांची भीती इतकी असते की शिकवलेलं डोक्यात शिरतच नाही. तिथे डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. त्याने कुत्रा गुंगीत पडून राहायला नको. तसं झालं तर डॉक्टरांना कळवून डोसबद्दल विचारायचं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. अचानक बंद तर मुळीच करू नका. शिकवणं सोबत चालूच ठेवावं लागतं. बंड्याला याची गरज पडली नाही, सांध्यांची औषधं पुरली.

जेव्हा घरी ठेवणं धोक्याचं असतं

हे लिहायला जड जातं. चावे खोल असतील, एकाच वेळी अनेकदा चावत असेल, आधी काहीच खूण देत नसेल आणि घरात लहान मूल किंवा आधाराशिवाय चालू न शकणारं म्हातारं माणूस असेल, तर घरगुती प्रयोग करू नका. त्याच दिवशी कुत्रा वेगळ्या खोलीत, आणि डॉक्टर व वर्तनतज्ज्ञ दोघांना एकत्र बसवून मोकळं बोला. मूल नसलेल्या जाणत्या घरी देता येईल का, हे बघतात. तेव्हा चाव्याचा इतिहास लपवणं म्हणजे पुढच्या घराला जखम देणं. क्वचित कुत्र्याला शांतपणे निरोप देण्याची वेळही येते. तो निर्णय घेतलेल्या कुणालाही मी नावं ठेवणार नाही. पण हायवेला नेऊन सोडणं, हे कधीही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि चावणारा, घाबरलेला कुत्रा रस्त्यावर आणखी लोकांना चावतो. पाळलेल्या जनावराबाबत हयगय करून माणसाला इजा होऊ दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावर कारवाई होते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फाटकाला कडी, दारावर पाटी आणि लसीचं कार्ड हाताशी, एवढं तरी आजच करा.

पुन्हा उलटलं तर

आमचं उलटलं, मागच्या दिवाळीत. सात महिने एकही नोंद नव्हती, आणि पाडव्याच्या दिवशी तो दोनदा धावून गेला. मी घाबरून बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, गेल्या चार दिवसांत काय काय झालं? फटाके. पाहुण्यांची आठ माणसं. गादी हलवून तिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवलेल्या. फिरायला जाण्याची वेळ चुकलेली. आणि घाईगर्दीत सांध्यांची गोळी दोन दिवस राहिलेली. यातलं एकेकटं त्याने सोसलं असतं. सगळं एकावर एक चढलं.

तेव्हापासून उलटलं की मी नवीन माणूस शोधत नाही, वही उघडते. आधी दुखणं: गोळी चुकली का, थंडी वाढली का, कान हलवतोय का, गोचीड सापडले का. मग झोप आणि जागा. मग घरात नवीन काय आलं. यात सापडलं नाही आणि आठवड्याभरात दुसरी नोंद झाली, तर डॉक्टर, आणि त्यांच्यानंतर बाई. शिकवण्याच्या पायऱ्या तेवढ्या काळात दोन घरं मागे घ्यायच्या. यंदा गणपतीत ढोल सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच गादी मागच्या खोलीत आणि जाळी हाताशी होती.

वहीतली शेवटची नोंद गेल्या रविवारची आहे, धाकट्याच्या अक्षरात: "रात्री ९.१०. मी पुस्तक घ्यायला वाकलो. बंड्या गुरगुरला. मी थांबलो आणि मागे आलो. तो झोपला. उद्या त्याचा कान बघायचा."